लॅमस्टाइल

ओमारूच्या टेलिफोनच्या जाड पुस्तकात
आम्ही एकच ओळ होतो.
वर लॅमाँट सतरा, खाली लँकेस्टर नऊ,
मध्ये आम्ही, चिमटीत धरल्यासारखे.
वडील गेले आणि ती ओळ माझ्या नावावर झाली.

फोनवर आडनाव सांगताना
अक्षरं सुटी करून द्यावी लागत,
लहान मुलाला माशाचे काटे काढून द्यावेत तशी.
बँकेतला पोरगा म्हणाला, खोकल्याचं औषध वाटतं.

परगावी गेले की हॉटेलच्या खोलीत
बूट काढण्याआधी मी एलचं पान काढायची.
होबार्टला नाही. सिडनीला नाही.
पर्थला एक होता,
तो छापखान्याची चूक निघाला.

मग न्यूफाउंडलंडहून पाकीट आलं,
कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा.
आयव्हर लॅमस्टाइल, बोटींची इंजिनं खोलतो.
त्यानं फोटो पाठवला. मी माझा शेजारी धरला.
कान तेच!
वरची कड मुडपलेली,
वाचता वाचता कुणी पान दुमडून ठेवावं तशी.

त्या कानांवर आम्ही सात वर्षं वंशावळ वाढवली.
नावातच कोकरू, म्हणजे मूळ पुरुष मेंढपाळ.
मी त्याला काठी दिली.
आयव्हरनं एक कुत्रा दिला, एका डोळ्यानं आंधळा.
ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात,
पण आम्ही कुठले ऋषी?
मी चाळीस वर्षं लोकरीच्या गोदामात वजनकाट्यापाशी उभी.

यॉर्कशरच्या त्या गावात
चर्चच्या किल्ल्या मिस टिंडलकडे असतात.
तिनं मोजे काढले, नोंदवही उघडली,
आणि बोट न टेकवता ओळ दाखवली.

१८११, नोव्हेंबर. मुलगा, तीन दिवसांचा असावा.
कोकरांच्या स्टाइलवर सापडला, पिठाच्या पोत्यात.
नाव जॉन. आडनाव जागेवरून.

स्टाइल म्हणजे
कुंपणाच्या भिंतीत बसवलेल्या दोन दगडी पायऱ्या.
माणूस ओलांडून जातो, मेंढी अडते.

काठी गेली. कुत्रा गेला.

तिथंच थांबले असते तर आयव्हर माझा राहिला असता.
मी पान उलटलं.
१८१८, मार्च. मुलगी. तीच पायरी.
या वेळी पोतं नाही, पुरुषाचा कोट.
हस्ताक्षर तेच.
कारकुनाला दुसरं नाव सुचलं नसेल,
किंवा पहिलंच आवडलं असेल.
जॉन माझा. ही ॲन, आयव्हरची.
तिनं लग्न केलं नाही, पोर मात्र झालं,
म्हणून नाव बुडालं नाही.

आई एकच असेल, मिस टिंडल म्हणाली,
बायका वाट विसरत नाहीत.
असेल.
किंवा सगळ्या गावालाच ती जागा ठाऊक असेल,
उकिरड्याची असते तशी.

संध्याकाळी मी तिथं गेले.
पायरी मधोमध झिजून वाटीसारखी झालेली, वाटीत पाणी.
एक पाय अलीकडे, एक पलीकडे,
गुडघे पुढं जाईनात म्हणून बसले.
समोर मेंढ्या चरत होत्या.
सवयीनं अंदाज घेतला:
प्रत्येकीची लोकर साडेतीन किलो, ओल धरून.
तीन दिवसांचं पोरही तेवढंच भरतं.

रात्री पत्राला बसले.
प्रिय चुलतभावा, लिहिलं आणि खोडलं.
प्रिय मित्रा. तेही खोडलं,
मित्र म्हणण्याइतके आपण भेटलोय कुठं?
शेवटी लिहिलं,
प्रिय लॅमस्टाइल,
नोंदींच्या नकला सोबत जोडल्या आहेत.
दुसरी आधी वाच.
कानांचं काय करायचं,
ते तू ठरव.